उताराची बाजू

जळकी काडी — अर्धी काळी, अर्धी पिवळी, कुणीतरी विडी पेटवून टाकलेली — डेकवरच्या पाण्यात आडवी पडून हळूहळू फिरत होती, आणि बुधाजी तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्याकडे असा बघत होता की आता ती काहीतरी बोलणारच. काडी जराशी पुढे सरकली, थांबली, वळली, केबिनपाशी काठाला टेकली. मागच्या अंगाला, चार ढांगांवर, त्यानं स्वतःच्या हातानं पाडलेली मोरी कोरडी ठणठणीत होती. जा ना बाई... जा की तिकडं, तुझ्यासाठीच पाडलीय ती! पण काडी जात नव्हती, आणि ज्या पाण्यावर ती तरंगत होती ते पाणीही जात नव्हतं. सकाळी डेक धुतला तेव्हापासून ते तिथंच बसून होतं, घरचं असल्यासारखं.

त्यानं बोट बुडवून पाहिलं. नखभर पाणी. एवढ्याशा पाण्यानं माणसाची झोप उडवावी? पण उडवली होती. 'पद्मजा' ही हेरंबराव वर्तकांची शिडाची यॉट. वर्तक म्हणजे शिवाजी पार्कासमोर राहणारे निवृत्त इंजिनियर, पहाटे मैदानाला फेऱ्या मारून झाल्यावर उरलेला सगळा दिवस या यॉटीचा विचार करणारे. यॉटीला त्यांनी मुलीचं नाव दिलेलं. पावसाळ्यात ती शिवडीच्या या नावदुरुस्तीच्या कारखान्यात किनाऱ्यावर ओढून, टेकू देऊन ठेवली होती, आणि काम सांगितलं होतं एकच — डेकवर पाणी साचतं, फळ्यांच्या फटींतून खाली झिरपतं, खालची गादी कुजली, आता लाकूड कुजेल, त्याआधी पाण्याला वाट करा. डेकच्या काठानं दोन्ही अंगांना चार बोटं उंचीची सागाची पट्टी होती, पुढच्या टोकापासून, नाळेपासून, पार मागपर्यंत अखंड, एकाच झाडाची. माणसाचा पाय घसरू नये म्हणून ती पट्टी, आणि पाणी अडायचं तेही तिलाच. तिच्यात भोकं पाडायची, बस्स.

बस्स म्हणायला सोपं होतं. उभा जन्म बुधाजीनं फटी बुजवल्या होत्या. कापूस ठासायचा, वर राळ भरायची, थेंब आत येऊ द्यायचा नाही — होडीला भोक नसावं याचाच तो पगार खात होता, आणि आता भोक पाडायचं काम त्याच्या हाती आलं होतं, पहिल्यांदाच, मुकादमानं सगळ्यांच्या देखत सांगून. ‘बुधाजी करील.’ केलं! मागच्या अंगाला, जिथं पाणी साचायचं तिथंच, पट्टीच्या बुडाशी गिरमीट लावून दोन्ही बाजूंना मोऱ्या पाडल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, बादली ओतून पाहिली, पाणी खळखळत गेलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि दसऱ्यानंतर यॉट पाण्यात उतरली ती काय, पाण्यानं आपली जागाच बदलली.

नारळ फोडला नव्हता.

कारखान्याचा रिवाजच तसा होता — होडीच्या लाकडाला पहिलं हत्यार लावायच्या आधी नाळेवर नारळ फोडायचा, पाणी समुद्राच्या नावानं सोडायचं, खोबरं सगळ्यांनी खायचं आणि मग गिरमीट. लहान काम असो, मोठं असो. जुना मुकादम होता तेव्हा खोबऱ्याचा तुकडा बुधाजीच्या हातावर वरून सोडला जायचा, ओंजळीला बोट लागू नये अशा बेतानं... कुशाबा मुकादम झाल्यापासून ते थांबलं, कुशाबा तुकडा हातात देतो, वर एक शिवीही देतो. पण यंदा बुधाजीनंच नारळ घेतला नाही. दसऱ्याला सगळ्यांची हत्यारं झेंडूच्या माळा घालून मांडली गेली, तेव्हा यानं आपलं गिरमीट पिशवीत घालून पिशवी मांडीखाली दाबून धरली होती. सगळ्यांनी नुसतं पाहिलं.

कारण गेल्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांची चिता पेटली त्या संध्याकाळी, माणसांच्या त्या अफाट गर्दीत, ज्या गर्दीला काठच नव्हता, त्यानं हात जोडून शपथ घेतली होती. शब्द नीट ऐकूसुद्धा आले नव्हते. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत सरकत सरकत येत होते ते, भरतीचं पाणी येतं तसे, आणि त्यानं ते उचलून पुढं — नाही, मागं दिले होते. रडत. शेजारी आई. आता देव नाहीत, नवस नाहीत, नारळ नाही. तेव्हा छाती एवढी भरली होती की त्याला वाटलं, आता भीती म्हणून काही उरलंच नाही.

आईची तर खरंच उरली नव्हती! मीराबाईनं दुसऱ्याच आठवड्यात नायगावच्या खोलीतले देव लुगड्याच्या पदरात बांधले, शिवडीच्या खाडीवर आली, ओहोटीची वेळ आहे हे न बघताच दिले टाकून. चिखलात उभेच राहिले ते, खंडोबा आणि म्हाळसा, अर्धे रुतलेले, तोंड चाळीकडे करून. ‘अगं बाई, हे तर बुडंनात!’ म्हणून ती हसली, आणि पायाच्या अंगठ्यानं एकेकाला आत दाबलं, प्रेमानंच. रिकाम्या कोनाड्यात आता चहाची बरणी आहे. ‘जागा झाली बघ,’ म्हणते. ती अशी सुटली, आणि मी...? माझा हात अजून घराबाहेर पडताना त्या बरणीकडे उचलला जातो.

आणि आता ही मोरी. दोन दिवस कारखान्यात कुजबुज होती. कुशाबा, मालवणकडचा माणूस, मनात काही ठेवत नाही, तो तोंडावरच म्हणाला होता, ‘तुका सांगलेलंय ना मेल्या, नारळ फोड म्हणान? समुद्राचा पाणी आसा ता. त्याका इचारल्याशिवाय भोक पाडतंस?’ सगळे हसले. बुधाजीही हसला. पण त्या हसण्याखाली कुणीतरी थंडपणे विचारत होतं — खरं असेल तर? आज दुसऱ्यांदा पट्टी कापायची होती. सागाची अखंड पट्टी, एकदा फसली, दुसऱ्यांदा फसली तर चाळणी होईल तिची. पट्टी गेली तर गेली, वर्तकसाहेब नवी बसवतील. पण मग मी काय मानू? कारखाना काय मानेल ते मानो, रात्री अंथरुणावर पडल्यावर मी स्वतः काय मानू? चौपाटीवर एवढ्या माणसांत उचललेले ते शब्द एका नारळापायी खोटे पडायचे... त्यानं काडी उचलून समुद्रात फेकली.

‘बुधाजी, जागेवरून उठा जरा, निघायचं आपल्याला.’

वर्तकसाहेब होडीतून येऊन कधी वर चढले ते कळलंच नाही. खाकी अर्धी विजार, डोक्याला हॅट, खांद्याला थर्मास.

‘निघायचं म्हणजे?’

‘म्हणजे शीड लावून बाहेर. पाणी कुठं जातं ते इथं खुंट्याला बांधून काय कळणार? आणि हे बघा, ती चूक माझी आहे. साचतंय तिथंच पाडा, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला.’

चूक! तो शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला — छत्री विसरलो म्हणावं तसा. पाण्याचा कोप नाही, कुणाचा शाप नाही, नुसती चूक, दोघांत वाटून घेतलेली. बुधाजीची मात्र एक गोष्ट सांगायची राहून जात होती. उभा जन्म होड्यांच्या पोटाशी काढलेला हा माणूस शिडाच्या होडीतून कधी बाहेर गेलाच नव्हता. होडी तयार झाली की ती जायची आणि हा किनाऱ्यावर दुसरीच्या फटीत कापूस ठासत बसायचा. कोण नेणार? आणि कशाला?

शीड वर चढलं तेव्हा आधी नुसतं फडफडलं, चाळीच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीसारखं, काही विशेष नाही. मग वर्तकांनी सुकाणू वळवलं आणि ती फडफड एकदम थांबली. सगळं गप्प झालं. आणि त्या गप्पपणात पायाखालची फळी, जिच्यातली एकेक फट त्याला आपल्या तळहातासारखी ठाऊक होती, ती उचलली गेली. अगं आई गं! बुधाजीनं केबिनचा कठडा दोन्ही हातांनी धरला. इंजिन नाही, वल्हं नाही, कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही, आणि एवढं ओझं चाललंय... नुसत्या वाऱ्यावर! हे रोज होत होतं? मी कापूस ठासलेल्या या सगळ्या होड्या अशा जात होत्या?

मागं शिवडीचा किल्ला लहान झाला. गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ आधी वाचता येत होतं, मग अक्षरांचा नुसता पांढरा पट्टा राहिला, मग तोही गेला. चिखलाच्या काठामागं परळ-लालबागची धुराडी उभी होती, एकही आवाज न करता धूर सोडत. त्या धुराड्यांखाली केवढा कल्ला असतो, त्यानं लहानपणी बापाचा डबा नेताना ऐकलेला, कानात बोटं घालावी असा, आणि इथून बघावं तर काहीच नाही. सगळं शहर एका हाताच्या पंजाआड झाकलं जात होतं. त्यानं पंजा धरून पाहिला. झाकलं गेलं. त्याला हसू आलं.

‘पाण्याकडे लक्ष आहे ना?’ वर्तक ओरडले.

अरे हो, पाणी! त्यानं खाली पाहिलं. यॉट एका अंगावर कलली होती, चांगलीच, आणि सकाळपासून केबिनपाशी ठाण मांडून बसलेलं पाणी तिथं नव्हतंच. ते कललेल्या बाजूला पट्टीशी, मधोमध, डोलकाठीच्या थोडं मागं, लांबट आकारात गोळा झालं होतं. मागच्या मोऱ्या तिथून कितीतरी दूर आणि वर. कुठून जाणार बिचारं? आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख झालं — किनाऱ्यावर टेकू देताना आपण नाळ उंच ठेवली होती. नेहमीच ठेवतो, पावसाचं पाणी मागं जावं म्हणून. टेकू आपणच लावले होते. पाणी मागं जायचं ते तिच्या अंगच्या उतारानं नव्हे, टेकूच्या उतारानं! पाण्यात उतरल्यावर ती आपल्या तोलानं बसली आणि तिचा खरा सखल भाग मधोमध निघाला. जमिनीवर उतार मोजला, आणि मोरी पाडली पाण्यासाठी. एवढंच झालं होतं... एवढंच! त्याला मोठ्यानं ओरडून कुशाबाला सांगावंसं वाटलं. पण त्याच वेळी लाट आली, पट्टीचा काठ पाण्याखाली गेला, समुद्र सरळ आत आला, हिरवा, थंडगार, त्याच्या पावलांवरून गेला, आणि आला तसा निघून गेला. जाताना साचलेलं निम्मं पाणी घेऊन गेला. बुधाजी सरकत वरच्या काठाशी जाऊन बसला.

भोक पाडलं तर पाणी त्यातून आतही येणार. वाट म्हणजे काय एकाच दिशेची असते होय? पण आलेलं जायला हवं, भरभर जायला हवं. गोल भोकानं भागणार नाही, पट्टीच्या बुडाशी लांब खाच हवी, हात जाईल एवढी...

‘आता वळतोय! डोकं सांभाळा!’

शिडाचा आडवा बांबू डोक्यावरून सपकन गेला. क्षणभर यॉट सरळ उभी राहिली, जणू काय करावं तिचं तिलाच कळेना, आणि मग दुसऱ्या अंगावर कलली. पाणी निघालं. बुधाजीच्या डोळ्यांसमोर ते पाणी पट्टीपासून सुटलं, नाळेकडच्या मोकळ्या डेकवरून चमकत या टोकाचं त्या टोकाला गेलं आणि समोरच्या काठाशी, जो आत्तापर्यंत वरचा काठ होता, जिथं तो स्वतः कोरड्या फळीवर बसला होता, तिथं त्याच्या पायाशी येऊन थांबलं.

तो तसाच बसून राहिला. पाण्यानं विजार भिजली तरी.

गावात आमचं पाणी कायम उताराचं. वर गावाचा घाट, मग जनावरांचा, मग आमचा. आजा म्हणायचा, उताराची बाजू आपली, ती देवानंच दिली. आज्यानं ते कधी कडवटपणे म्हटलं नाही, डोंगर पूर्वेला आहे म्हणावं तसं म्हटलं. लहानगा बुधाजीही ते तसंच समजला होता — पाणी खाली जातं, खाली आपण असतो. आणि इथं... इथं वर नव्हतं, खाली नव्हतं! वाऱ्यानं जरा पाठ फिरवली की वरची बाजू खालची. कुणी दिलेली नाही, कुणाच्या नावावर नाही. पाणी ना रागावलेलं होतं, ना त्याला कशाची ओढ होती. उतार मिळेल तिथं ते जात होतं, मग तो उतार टेकूनं केलेला असो की वाऱ्यानं. टेकू. आज्याच्या घाटाचे टेकू कुणी लावले होते, हे त्याला चौपाटीवर कळलं होतं, शब्दांत कळलं होतं. पण ते असं ओलं होऊन मांडीला लागलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो. देवळाच्या बाहेर उभं राहून आतली घंटा ऐकताना लहानपणी यायचा, त्याच जातीचा — आणि हे ध्यानात आल्यावर तो जरा दचकलाच. हे वाटणं कुठं ठेवायचं आता? देव गेले, आणि हे मागंच राहिलं?

‘चहा घ्या,’ वर्तक म्हणाले. थर्मासचं झाकण भरून त्यांनी आधी त्याच्यापुढं केलं. ‘दिसलं ना?’

‘दिसलं साहेब,’ तो म्हणाला. त्यानं चहा घेतला, पण नजर पाण्यावरच होती. वर्तकही पाण्याकडेच बघत होते.

ऊन कलायला लागल्यावर ते परत आले. वर्तक घरी गेले. खुंट्याला बांधलेल्या यॉटीवर बुधाजीनं एकट्यानं बसून दोन्ही पट्ट्यांवर, मधोमध, पेन्सिलीनं लांब खुणा केल्या. मागच्या मोऱ्यांना लाकडाच्या खुंट्या मारून त्या बुजवल्या — ते काम हाताला सवयीचं, डोळे मिटून झालं. मग गिरमीट काढायला तो केबिनपाशी ठेवलेल्या पिशवीकडे वळला आणि थांबला. पिशवीशेजारी एक नारळ ठेवलेला होता. शेंडी नीट विंचरल्यासारखी, बाकीचा सोललेला. कोण ठेवणार, कुशाबाच! आपण बाहेर गेलो होतो तेव्हा पिशवी धक्क्यावर होती... साहेबांना न्यायला होडी आणली तेव्हा तिच्याबरोबर वर आणून ठेवला असणार. कुचेष्टा नव्हती ती. पिशवीवर ऊन येऊ नये म्हणून पोतंही टाकलं होतं त्यानं.

बुधाजीनं नारळ हातात घेतला. जड होता, कानाशी हलवल्यावर आत भरपूर वाजला. धक्क्यावरून कुशाबा पाठमोरा दोर गुंडाळत होता, मुद्दाम पाठमोरा. परत देऊन यावा. ‘चूक टेकूची होती रे,’ म्हणावं, समजावून सांगावं, तो ऐकेल. किंवा इथंच राहू द्यावा. खुणा बरोबर आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण कळलंय, आणखी काय हवं?... खुणा बरोबर आहेत ना पण? मघाशी वारा होता, आता ती शांत आहे, शांत असताना पाणी खुणेपाशी येतं का ते पाहायला हवं की नको? पाहायलाच हवं. काम आहे ते.

तो नाळेकडच्या मोकळ्या डेकवर गेला, खाली बसला, आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर त्यानं नारळ हाणला. एकदा. पुन्हा. तिसऱ्या घावाला तडा गेला आणि पाणी बोटांतून सांडून फळीवर आलं, मधल्या उंचवट्यावर क्षणभर फुगून राहिलं, आणि मग दोन वाटांनी फुटलं. एक धार या अंगाला, एक त्या. काहीही घाई न करता त्या दोन्ही धारा पट्टीपर्यंत गेल्या, पट्टीच्या कडेनं मागं सरकल्या, आणि जिथं पेन्सिलीची खूण होती बरोबर तिथं येऊन थांबल्या. बरोबर तिथं! तेवढ्यात लांबून एक लाँच गेली, तिची लाट येऊन यॉटीला हळूच उचलून गेली, आणि या बाजूचं पाणी खुणेवरून मागं हटलं, डगमगलं, परत आलं.

‘फोडलंस?’ धक्क्यावरून कुशाबाचा आवाज आला. ‘बरा केलंस रे बाबा! बरा केलंस!’ तो आवाज इतका सुटलेला, इतका आनंदाचा होता की बुधाजी वळला.

अरे, मी पाणी बघत होतो... तो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. खोबऱ्याची एक कवड त्यानं वर करून दाखवली, ये खायला, अशी, आणि कुशाबा दोर टाकून होडीकडे निघालासुद्धा.

बुधाजी पुन्हा खाली बसला. हाताला पाण्याचा गोड चिकटा लागला होता. हे काय केलं आपण? पाणी पाहिलं की पाणी सोडलं? त्यानं मनात नीट चाचपून पाहिलं, फटीत बोट घालून पाहावं तसं, कुठं काही झिरपतंय का... आणि दोन्ही बाजूंनी ते सारखंच कोरडं लागलं. भीती नव्हती. शपथ होती तिथंच होती. आणि मघाचा तो काटाही होता, अंगावर, अजून. खुणेपाशी थांबलेल्या त्या पाण्यात संध्याकाळचं आभाळ उतरलं होतं आणि ते जाण्यासाठी वाट बघत होतं. त्यानं गिरमीट उचललं, आणि टोक लाकडाला टेकवण्याआधी सहज त्याची नजर बाजूला गेली.

बादली तिथंच होती. परत आल्यावर खुणा तपासायला त्यानंच ओढून ठेवलेली. हाताशी, दोरीसकट, काठोकाठ भरलेली.